उजव्या पायाचा बूट

आमच्या ह्यांना राग येतच नाही, असं सगळ्या गल्लीचं मत आहे. गल्लीला काय जातंय म्हणायला! ह्यांचा राग हातात उतरतो. हातोडीचा आवाज बदलतो, खिळा एका घावात आत जातो, तेव्हा मी ओळखते की आज काहीतरी बिनसलंय. तोंडाने मात्र हा माणूस गायीसारखा गरीब. गिऱ्हाईक फाटका बूट घेऊन येतं, वर ह्यांनाच चार शब्द सुनावतं, आणि हे म्हणतात, "ठेवा, बघतो." माझं बरोबर उलट. माझं नाक देवाने राग ठेवायलाच दिलंय, असं सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्यावर ते वाक्य म्हणायचं काम माझ्या दिराने आपणहून अंगावर घेतलं.

दीर म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. जन्मापासून उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड. पोरं त्याला 'दीडपाय' म्हणायची. तर ह्या पठ्ठ्याने काय करावं? नवीन माणूस भेटला की हात पुढे करून स्वतःच सांगायचा, "मी दीडपाय." चिडवणाऱ्यांची हवाच काढून घेतली त्याने. बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायचा. ती नोकरी त्याला भारी आवडायची. "वहिनी, खिडकीत सगळे सारखेच उंच," म्हणायचा.

खिडकीबाहेर पडलं की त्याला बूट लागायचा. साधा नव्हे. उजव्या पायाचा, चार बोटं उंच सोलचा, घोट्याच्या वरपर्यंत येणारा, दोन पट्ट्यांचा. तो बूट आमचे हे करायचे. सासऱ्यांच्या दुकानात बसून, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा ह्यांनी रबराचे तुकडे एकावर एक चिकटवून धाकट्याला पहिल्यांदा सरळ उभं केलं. तेव्हापासून त्या पायाचा प्रत्येक बूट ह्यांच्या हातचा. आमच्या दुकानात बुटाचं वरचं चामडं मी शिवते. निम्म्या गावाच्या पायांत माझी शिवण आहे. पण दिराच्या उजव्या बुटाला हात लावायची मला परवानगी नव्हती. त्याला मशीन नाही, सगळा हातचा टाका, मेणाच्या दोऱ्याचा. "तुझा टाका डावीकडे कलतो," हे म्हणायचे. लग्न झाल्यापासून ऐकतेय. गिऱ्हाइकाला दिसत नाही, मला दिसत नाही, ह्यांना तेवढा दिसतो.

त्या बुटावरून दोघा भावांचं एक जुनं भांडण होतं. भांडण कसलं, दीर बोलायचा आणि हे ठोकत बसायचे.

"दादा, हा बूट आहे की विटेची भिंत? हलका कर रे."

"हलका झिजतो."

"कॉर्कचा कर. हल्ली करतात."

"कॉर्क बाटलीला लावतात."

"मग मला बाटली समज!"

मी हसून हसून लोळायची. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. बूट ताडताड ठोकून त्याच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "बूट माणसाला उभं ठेवतो. पळायचंय कुठे तुला?"

दीरही मग हसायचा. खाली वाकून पट्टे आवळायचा आणि कामावर जायचा. संध्याकाळी गल्लीतून परत यायचा. एक पाऊल हलकं, एक जड. त्या आवाजावरून मी चहाचं आधण ठेवायची.

आमच्या लोकांचं एक वाचनालय आहे. आमच्या लोकांचं म्हणजे, ज्यांचे आजे-पणजे बाहेरून आले आणि जे अजूनही बाहेरचेच आहेत, त्यांचं. जुनी पुस्तकं, चार टेबलं, एक गळका नळ. सुट्टीच्या दिवशी दीर तिथे बुद्धिबळ खेळायला जायचा. अशाच एका सुट्टीच्या दुपारी एक माणूस बंदूक घेऊन आत शिरला. आमच्यातला नव्हता. कोणाशी ओळख नाही, वैर नाही. अकरा माणसं मारली त्याने. त्यांत माझा दीर.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, त्यांनीच इतकं सांगितलंय की माझी गरज उरली नाही.

आमची माणसं अजून तिथे आडवी होती, आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं, आणि समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर काथ्याकूट सुरूसुद्धा झाला होता. चौकोनात चार डोकी. एक म्हणतोय, ह्याला दहशतवाद म्हणता येणार नाही, कारण मागे संघटना नाही. दुसरी म्हणतेय, द्वेषाचा गुन्हा म्हणायची घाई नको, मारणाऱ्याच्या मनात काय होतं कोणाला ठाऊक? तिसरा म्हणाला, माथेफिरू. चौथ्याने मान डोलावली. अरे मेल्यांनो, प्रेतं तरी उचला आधी! मी ओरडले ते दोरीपलीकडच्या शिपायाला वाटलं त्यालाच. त्याने मान खाली घातली.

मग तो वाद आमच्या दुकानात आला. एकीकडे आमची लेक. शाळेत शिकवते, तोंड माझ्यावर गेलंय. ती म्हणायची, "दहशतवादच म्हणायचं. आपल्यातल्या एकाने नुसता फटाका वाजवला असता तरी तासाभरात तो शब्द आला असता. मग त्यांच्या माणसाला वेगळं माप का?" दुसरीकडे वरच्या मजल्यावरचे मास्तर. निवृत्त माणूस, बायको गेलेली, त्यांचा बुद्धिबळातला जोडीदारही त्याच दिवशी गेलेला. ते म्हणायचे, "पोरी, द्वेष म्हटलं नाही तर आपण पुसले जातो. उद्या म्हणतील, त्याने देशावर हल्ला केला. देशावर? त्याने दार उघडून आपली तोंडं बघितली आणि मग मारलं. ते नोंदवलं गेलं पाहिजे."

मला दोघांचंही पटायचं, हीच तर पंचाईत. आणि दोघांचाही राग यायचा. एकदा मी शिवण टाकून उठले. म्हटलं, "आमचा तिरस्कार केला म्हणून मारलं, तो द्वेष. आता मी भाजीलासुद्धा जीव मुठीत धरून जाते, ही दहशत. दोन्ही एकाच गोळीत झालं. त्यात निवडायचं काय आहे?"

"वहिनी, कायद्याला निवडावं लागतं," मास्तर म्हणाले.

"मग कायद्याला सांगा, एक दिवस येऊन माझ्या मशीनवर बस."

हे कोपऱ्यात बसून ठोकत होते. ह्या सगळ्या काळात ह्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो पोलीस चौकीत. बाईसाहेब होत्या कोणी, बोलायला चांगल्या होत्या. ह्यांनी टोपी हातात धरून विचारलं, "त्याला पळता आलं असतं का?"

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, दिराच्या पायात जड बूट होता, ह्यांनी केलेला. तो पायात असताना त्याला पळता आलं असतं का, तो धावला का, बसल्या जागी गेला का, एवढंच ह्यांना हवंय. बाईंनी फाइल मिटली. हा तपासाचा भाग आहे, म्हणाल्या. गुन्हा कोणत्या कायद्याखाली येतो ते ठरेपर्यंत तपशील देता येत नाही. बूटही पुरावा आहे, तोही देता येणार नाही.

म्हणजे बघा. त्या दोन शब्दांतला एक शब्द ठरेपर्यंत माझ्या नवऱ्याने रोज उठायचं, आणि आपल्या हातच्या बुटाने आपला भाऊ मारला का, हे स्वतःलाच विचारायचं. तोंडाने बोलले नाहीत कधी. पण जेवण कमी झालं. गिऱ्हाइकाने जाड सोल मागितला की सरळ नाही म्हणायला लागले.

देह मिळाला तोही उशिराच. मिळणार असं कळलं तेव्हा हे सकाळीच बाहेर पडले आणि कॉर्कच्या लाद्या घेऊन आले. दोन दिवस दुकान बंद ठेवून बूट केला. तीच उंची, तेच दोन पट्टे, पण हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटू नये इतका हलका. अंत्यविधीच्या जागचा माणूस म्हणाला, पायात काही घालायची पद्धत नाही. ह्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बाजूला झाला. ह्यांनी स्वतः भावाच्या पायात बूट चढवला, पट्टे लावले. जिवंतपणी मागून मागून थकला बिचारा, आणि मिळाला तो असा. मी धाय मोकलून रडले. हे रडले नाहीत.

लेक आणि तिच्याबरोबरचे लोक रस्त्यावर उतरले. फलक, घोषणा, ऊन, धक्के, सगळं केलं पोरीने. आणि शेवटी सरकारने मान्य केलं. मोठे साहेब टीव्हीवर येऊन म्हणाले, हा दहशतवादी हल्लाच आहे, तपास आता खास खात्याकडे. लेक माझ्या गळ्यात पडली. "आई, आपल्याला मोजलं गं त्यांनी," म्हणाली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मास्तरसुद्धा खाली येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

ते खास खातं आठवड्याभरात आमच्याच दुकानात आलं.

दोघं होते, साध्या कपड्यांत, बूट मात्र चकचकीत. मला वाटलं, चौकशी करायला आलेत, सांत्वन करतील. मी स्टूल पुसून दिलं. त्यांनी ह्यांना विचारलं, "मयताच्या उजव्या बुटाचा सोल एवढा जाड का?"

"पाय आखूड होता."

"कोणी करायला सांगितला?"

"आईने," हे म्हणाले. खरंच होतं ते.

"आत काय भरलंय?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. जो मेला, त्याच्याच बुटात हे बाँब शोधत होते! दहशतवादाचा तपास ना, मग जाड सोल म्हटल्यावर शंका आलीच. आणि आमची तोंडं, आमची आडनावं पाहिल्यावर ती पक्की झाली. मी म्हटलं, "साहेब, मारणारा तुमच्या कोठडीत आहे. बंदूक त्याची होती. आमच्या माणसाच्या हातात फक्त प्यादं होतं." ते म्हणाले, "बाई, प्रक्रिया आहे."

प्रक्रिया! चामडं उचकटलं, साचे उलटेपालटे केले, उरलेल्या कॉर्कच्या लाद्या पिशवीत भरून नेल्या. शेजारपाजारचे दारात उभे राहून बघत होते. ज्यांच्या पोरांना ह्यांनी शाळेचे बूट शिवून दिले, त्यांच्यातली काही माणसं दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागली. ह्यांनी विखुरलेले साचे गोळा करून पुसून पुन्हा जागेवर मांडले. जाताना साहेब सांगून गेले होते, सोल कापून बघावा लागेल. त्या दिवशी हातोडीचा आवाज आलाच नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

लेकीला कळलं, ती धावत आली. दारातच थांबली. आपण ज्या शब्दासाठी घसा फोडला, तो शब्द उलटून आपल्याच घरात शिरला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "बाबा," म्हणाली फक्त. मास्तरांनी "मी सांगत होतो" असं म्हटलं नाही, तेवढे उपकार. म्हटलं असतं तर मी त्यांना जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

पुढे खटला चालला. आत काय काय बोलले ते लेक येऊन सांगायची, मी अर्धंच ऐकायची. मारणाऱ्याच्या वकिलाने म्हटलं, भीती पसरवायचा हेतू नव्हता, फक्त राग होता. फक्त! निकाल लागला तो असा: द्वेषाचा गुन्हा सिद्ध, दहशतवाद सिद्ध नाही. जन्माची कैद. बाहेर काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी निषेध केला. आमच्या दुकानात कोणी काहीच केलं नाही. सरकार वरच्या कोर्टात जाणार, असं लगेच जाहीर झालं. म्हणजे पुन्हा तेच चौकोन, तीच डोकी.

पण बूट सुटला. खालच्या कोर्टाला त्याची गरज उरली नव्हती आणि वरच्याला फोटो पुरणार होते.

बूट घेऊन एक म्हातारा हवालदार आला. हे चामडं आणायला बाजारात गेले होते, दुकानात मी एकटी. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली, पण हात काढला नाही. मी पिशवीत पाहिलं. सोल मधोमध चिरलेला. आत रबर, चामडं, रबर, चामडं, ह्यांनी आयुष्यभर रचलेले थर. दुसरं काय असणार? वरचा पट्टा नीट सोडलेला होता. खालचा मुळापासून उखडलेला, टाक्यातला दोरा लोंबत होता.

"हा पट्टाही तुम्हीच तोडलात?" मी विचारलं.

"नाही हो ताई," तो म्हणाला. "आम्ही फक्त सोल कापला. बूट असाच मिळाला. त्यांच्या पायात नव्हताच तो. टेबलाखाली होता. ते पार दाराशी होते."

माझ्या डोळ्यांपुढे आलंच ते. माणसं किंचाळत पळतायत आणि माझा दीर टेबलाखाली वाकून बूट सोडतोय. वरचा पट्टा सुटला. खालचा सुटेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढला. ह्यांचा मेणाचा टाका, तो का सहज तुटतोय? मग अनवाणी, एका आखूड पायावर, दारापर्यंत.

"ह्यांना भेटलात तर हे सांगू नका," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला.

मी विचार केला नाही. दार लोटलं, मेणाचा दोरा घेतला, सुई घेतली आणि तो पट्टा होता तिथे शिवून टाकला. जुन्याच भोकांतून शिवला, दोरा तसाच ओढून बसवला, वर बोटाने मळ चोळला. दोन्ही पट्टे बक्कलात अडकवले. शिवण चांगली झाली. इतके महिने दुसऱ्यांच्या शब्दांना शिव्या घातल्या, आणि आता मी माझा एक शब्द तयार करून ठेवला होता.

हे आले. बूट पाहिला. खांद्यावरचं चामडं खाली ठेवायचं राहिलं.

"हवालदार आला होता," मी म्हटलं. "पायातच होता म्हणाला बूट. बसल्या जागीच गेले म्हणे भाऊजी. कळलंसुद्धा नाही त्यांना."

"पायात होता?"

"तर काय. पट्टेसुद्धा लावलेले आहेत, बघा ना."

ह्यांनी श्वास सोडला. इतका लांब, जणू त्या दुपारपासून अडवून धरला होता. खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग बरं झालं." मला वाटलं, झालं, सुटला हा माणूस. आज दोन घास पोटभर खाईल. मी पाणी आणायला वळले.

पाणी घेऊन आले तेव्हा बूट ह्यांच्या मांडीवर होता. चिरलेल्या सोलकडे बघत नव्हते. अंगठा खालच्या पट्ट्याच्या मुळाशी होता, पुढे जात होता, मागे येत होता.

"हा टाका डावीकडे कललाय," हे म्हणाले.

माझ्या हातातलं पाणी सांडलं. असा कसा विसर पडला मला! सगळ्या जगाला फसवता आलं असतं त्या शिवणीने.

"पायात नव्हता," हे म्हणाले.

"नाही."

"कुठवर गेला?"

"दारापर्यंत."

"अनवाणी."

"हो."

वर मास्तरांचा टीव्ही चालू होता. वरच्या कोर्टात काय होईल, दहशतवाद की द्वेष, यावर कोणीतरी तावातावाने बोलत होतं.

"पळायचंय कुठे तुला, असं विचारलं होतं मी त्याला," हे म्हणाले. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ह्यांचा चेहरा मोडला.

मी जवळ गेले, तर ह्यांनी हाताने थांबवलं. मागच्या फळीवरची लहान सुरी घेतली आणि माझा टाका उसवायला सुरुवात केली. एकेक, चामड्याला ओरखडाही न पडू देता. पट्टा सुटून खाली लोंबला, तेव्हा वरच्या पट्ट्याचं बक्कलही सोडलं.

"असाच होता ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी तो तसाच, उघडा, गिऱ्हाइकांना दिसेल अशा फळीवर ठेवला आणि खांद्यावरचं चामडं उतरवलं.